न समजणाऱ्या भाषेतले वचन

आंतरजालावर दुकान मांडणाऱ्या विक्रेत्यापुढे परभाषक ग्राहकाचा प्रश्न उभा राहतो तेव्हा तो बहुधा कौशल्याचा प्रश्न म्हणून मांडला जातो: जाहिरात कोणत्या भाषेत करावी, शोधयंत्रावर कोणत्या शब्दांसाठी पैसे मोजावेत, भाव युरोत दाखवावा की डॉलरमध्ये, भाषांतर माणसाकडून करून घ्यावे की यंत्राकडून. हे सर्व प्रश्न खरे आहेत आणि त्यांची उत्तरे देणारे जाणकारही आहेत. परंतु त्यांच्या तळाशी एक जुना आणि अधिक अवघड प्रश्न आहे, ज्याचा संबंध नफ्यापेक्षा सत्याशी अधिक आहे. जी भाषा विक्रेत्याला वाचताही येत नाही त्या भाषेत त्याच्या नावाने जे विधान केले जाते ते त्याचे विधान मानावे काय, आणि ते खोटे निघाले तर ते असत्य कोणाच्या पदरी पडते?

प्रश्न अमूर्त राहू नये म्हणून एक वस्तू डोळ्यांपुढे ठेवणे इष्ट होईल. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतील जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे कातडे पारंपरिक रीतीने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावले जाते, म्हणजे कच्चे चामडे रसायनांऐवजी वनस्पतीच्या तुरट अर्काने टिकाऊ केले जाते. इंग्रजीत या प्रक्रियेला ‘व्हेजिटेबल टॅनिंग’ म्हणतात. आता असा विक्रेता कल्पावा की जो घाईघाईने आपल्या पानावर नुसते ‘व्हेजिटेबल लेदर’ असे लिहितो, आणि भाषांतराचे यंत्र त्याचे जर्मन करताना असा शब्द योजते की वाचणाऱ्याला वनस्पतीपासून बनवलेले, प्राण्याचा अंशही नसलेले चामडे असा अर्थ मिळावा. प्राणिजन्य वस्तू न वापरण्याचे व्रत घेतलेली बर्लिनमधील एखादी व्यक्ती ती चप्पल मागवते, आणि तिच्या पायात म्हशीचे कातडे येते. विक्रेत्याने फसवण्याचा विचारही केलेला नाही, यंत्राला विचार करता येत नाही, आणि तरीही एका माणसाचे व्रत मोडले आहे. येथे असत्य बोलले गेले काय?

भारतीय विचारपरंपरेत सत्याची जी चर्चा आहे ती या प्रसंगाला आश्चर्य वाटावे इतकी लागू पडते. पतंजलीच्या योगसूत्रांत सत्य हा यमांपैकी एक, म्हणजे साधकाने पाळावयाच्या मूलभूत निर्बंधांपैकी एक, सांगितला आहे. त्यावरील व्यासभाष्य सत्याची व्याख्या करताना केवळ वाणी आणि वस्तुस्थिती यांच्या मेळावर थांबत नाही. आपल्याला झालेला बोध दुसऱ्याच्या मनात पोहोचवणे हे वाणीचे प्रयोजन आहे, असे गृहीत धरून ते वाणीतील तीन दोष सांगते: ती फसवणारी नसावी, भ्रमातून निघालेली नसावी, आणि प्रतिपत्तिवंध्या, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात कोणताच बोध उत्पन्न न करणारी, नसावी. भाष्यकार आणखी एक पाऊल पुढे जातात: ही सगळी पथ्ये पाळूनही जी वाणी प्राण्यांच्या घाताला कारण होते ती सत्य ठरत नाही, तिच्यात पुण्याचा केवळ आभास असतो.

नवव्या-दहाव्या शतकातील टीकाकार वाचस्पती मिश्र यांनी या दोषांना दिलेली उदाहरणे येथे महत्त्वाची आहेत. फसव्या वाणीसाठी ते अश्वत्थाम्याच्या मरणाविषयी युधिष्ठिराने द्रोणाला दिलेले उत्तर पुढे करतात, आणि बोधशून्य वाणीसाठी आर्यांपुढे बोललेली म्लेच्छभाषा. दुसऱ्या उदाहरणाचा रोख नीट ध्यानात घ्यावा लागतो. म्लेच्छभाषा ही मुळात हीन म्हणून असत्य, असे ते येथे म्हणत नाहीत. ती समोरच्याला समजत नाही म्हणून तेथे सत्याचे काम करू शकत नाही, एवढेच ते सांगतात. याचा अर्थ असा की सत्य बोलणाऱ्याच्या ओठांवर पुरे होत नाही, ते ऐकणाऱ्याच्या समजुतीत पुरे होते. बहुतेक व्यापारी नीतीची सोय उलट बाजूने लावलेली असते: विक्रेत्याने मनात खोटे धरले नाही की तो सुटला. व्यासभाष्याच्या दृष्टीने ही सूट नाही, कारण भ्रांत वाणी हा दोष हेतुपूर्वक फसवणाऱ्या वाणीच्या शेजारीच, तिच्याच पंक्तीत, ठेवलेला आहे. कोल्हापुरी चपलेच्या त्या जर्मन पानावर वंचना नाही, परंतु भ्रांती निश्चित आहे, आणि ज्या व्रतस्थाची अहिंसा मोडली त्याच्या बाजूने पाहिले तर घातही आहे.

येथे पूर्वपक्षी, म्हणजे विरुद्ध बाजू मांडणारा, असे म्हणू शकेल की भ्रांती विक्रेत्याची नव्हे, यंत्राची आहे. विक्रेता त्या भाषेत बोललाच नाही. हा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाही, कारण त्यातून वाक्याचा कर्ता कोण हा मूळ प्रश्न उघडतो. न्यायशास्त्राने शब्द हे ज्ञानाचे साधन मानले ते ‘आप्ता’चा शब्द म्हणून, आणि आप्त म्हणजे ज्याला वस्तूचे स्वतः ज्ञान आहे आणि जसे जाणले तसेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे असा माणूस. यंत्राला चप्पल ठाऊक नाही आणि सांगण्याची इच्छाही नाही. विक्रेत्याला चप्पल ठाऊक आहे, सांगण्याची इच्छा आहे, परंतु प्रत्यक्षात काय सांगितले गेले हे त्याला ठाऊक नाही. आप्ताची लक्षणे अशी दोन ठिकाणी विखुरली की वाक्य कोणाच्या भरवशावर घ्यायचे?

नैयायिकांनी अगदी अशाच विखुरलेपणाचा विचार एका पक्ष्याच्या निमित्ताने केला आहे. पोपट शिकवलेले वाक्य बोलतो. त्याला अर्थ कळत नाही, तरी ऐकणाऱ्याला अर्थबोध होतो. वाक्याचा अर्थ कळण्यासाठी वक्त्याचे तात्पर्य, म्हणजे त्याला काय सांगायचे आहे ते, कळणे आवश्यक आहे असे मानले तर पोपटाच्या वाक्यातून बोध कसा होतो, ही अडचण उभी राहते. सतराव्या शतकातील विश्वनाथ पंचानन यांनी ‘न्यायसिद्धांतमुक्तावली’त तिचे जे उत्तर दिले आहे ते दोन भागांचे आहे: पोपटाचे वाक्य वस्तुस्थितीशी जुळणारे असेल तर तेथे ईश्वराचे तात्पर्य मानावे, आणि ते विसंवादी, म्हणजे वस्तुस्थितीशी न जुळणारे, असेल तर ज्याने पोपटाला शिकवले त्याचे तात्पर्य मानावे. या विभागणीत विलक्षण नैतिक जाण आहे. खरे निघालेल्या वाक्याचे श्रेय शिकवणाऱ्याला आपोआप मिळत नाही, परंतु खोटे निघालेले वाक्य मात्र त्याच्याच दारी परत येते. असत्याचे पितृत्व ईश्वरावर ढकलता येत नाही आणि पक्ष्यावरही नाही.

अर्थात नैयायिकांचा प्रश्न बोध कसा होतो हा होता, दोष कोणाचा हा नव्हता, आणि त्यांच्या सिद्धांतातून थेट उत्तरदायित्वाचा नियम काढणे हे त्यांच्या तोंडी न बोललेले घालणे होईल. त्याच शतकातील धर्मराज अध्वरींद्रांनी तर ‘वेदांतपरिभाषे’त तात्पर्याची व्याख्या वक्त्याच्या इच्छेपासून सोडवून घेतली आणि वाक्याची विशिष्ट बोध निर्माण करण्याची योग्यता म्हणजे तात्पर्य असे म्हटले; त्यांचे एक कारण असे की अर्थ न जाणणाऱ्या माणसाने वेद म्हटला तरी ऐकणाऱ्या जाणकाराला अर्थ कळतोच. तथापि दोन्ही मतांपैकी कोणतेही घेतले तरी ‘वाक्य माझे नव्हे’ म्हणून हात झटकण्याला आधार मिळत नाही. विश्वनाथांच्या मते विसंवादी वाक्याचे तात्पर्य शिकवणाऱ्याकडे जाते. धर्मराजांच्या मते वाक्य आपल्या योग्यतेने बोध करून देतेच, वक्त्याच्या अज्ञानाने ती योग्यता कमी होत नाही, आणि म्हणून ते वाक्य बाजारात ठेवणाऱ्याला आपल्या अज्ञानाचा आडोसा घेता येत नाही.

शिकवणारा कोण, यावर मात्र वाद होऊ शकतो. भाषांतराचे यंत्र घडवणाऱ्या संस्थेने त्याला भाषा शिकवली, तेव्हा दोष तिचा, असे म्हणता येईल. परंतु तिने यंत्राला जर्मन शिकवली. ‘ही चप्पल अमुक चामड्याची आहे’ हे वाक्य शिकवले नाही. ते वाक्य विक्रेत्याने त्याच्या तोंडी दिले, ते कोणाला ऐकवायचे हे ठरवले, आणि ऐकणाऱ्याने त्यावर विसंबून पैसे द्यावेत अशी योजना केली. पोपटाचे बोलण्याचे सामर्थ्य निसर्गाने दिलेले असते, तरी शिकवणाऱ्याची जबाबदारी त्यामुळे निसर्गाकडे जात नाही.

जाहिरातीच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे, ज्याकडे मीमांसकांच्या अर्थवादाच्या कल्पनेतून पाहिले तर तो स्पष्ट दिसतो. वेदातील विधिवाक्य, म्हणजे कर्म करण्याची आज्ञा, आणि त्या कर्माची स्तुती करणारे अर्थवादवाक्य यांत मीमांसकांनी भेद केला. स्तुतीचे वाक्य शब्दशः घ्यायचे नसते. ते ऐकणाऱ्याला कर्माकडे प्रवृत्त करण्यासाठी असते. जाहिरातीतील ‘जगात तोड नाही’ हे वाक्य याच जातीचे आहे, आणि युरोपीय संघाच्या अनुचित व्यापारी प्रथांविषयीच्या २००५ च्या निर्देशातही शब्दशः घेण्यासाठी नसलेल्या अतिशयोक्तीला जाहिरातीचा रूढ आणि वैध प्रकार म्हणून जागा ठेवलेली आहे. ही मुभा एका गृहीतावर उभी आहे: ऐकणाऱ्याला स्तुती कोणती आणि माहिती कोणती हे ओळखता येते. मराठी माणसाला ‘पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी चप्पल’ हे कौतुक आहे आणि ‘पावसात घालू नये’ ही सूचना आहे, हे कोणी सांगावे लागत नाही, कारण तो त्या वाक्यांच्या सुरात वाढलेला असतो. भाषांतरात सूर हरवतो, आणि स्तुती व माहिती एकाच सपाट स्वरात परक्या वाचकापुढे येतात. टिकाऊपणाचे कौतुक तेथे हमीसारखे वाचले जाऊ शकते. म्हणून परभाषेत अतिशयोक्ती करण्याचा अधिकार स्वभाषेपेक्षा कमी आहे, असे ठामपणे म्हणावे लागते, मग कायद्याने दोन्हीकडे सारखी मुभा दिलेली का असेना.

मग परभाषेतील वाक्याचा अर्थ काय हे ठरवायचे कोणी? मीमांसेत या प्रश्नावर एक स्वतंत्र अधिकरण, म्हणजे चर्चेचे प्रकरण, आहे. वेदात येणारे काही शब्द आर्यांच्या व्यवहारात नव्हते पण म्लेच्छांच्या व्यवहारात होते, जसे कोकिळेसाठी ‘पिक’. अशा शब्दांचा अर्थ व्याकरणाच्या आधारे कल्पनेने बसवावा की म्लेच्छांच्या वापरातून घ्यावा? मीमांसासूत्रांचे भाष्यकार शबरस्वामींनी म्लेच्छांचा वापर प्रमाण मानला आणि कारण देताना म्हटले की पक्षी पाळण्यात आणि पकडण्यात ते अधिक निष्णात आहेत. सातव्या शतकातील कुमारिल भट्टांनी याच संदर्भात द्राविड भाषेतील शब्दांना ओढूनताणून संस्कृत अर्थ चिकटवणाऱ्यांना दोष दिला. भातासाठी असलेल्या द्राविड शब्दाला शेवटी एक स्वर जोडून ‘चोर’ करण्यासारखे प्रकार त्यांनी उदाहरणादाखल दिले आहेत. धर्माच्या बाबतीत म्लेच्छांना अधिकार न देणाऱ्या परंपरेने शब्दार्थाच्या बाबतीत त्यांना अधिकारी मानावे, याचे महत्त्व कमी लेखू नये. न्यायसूत्रांवरील वात्स्यायनभाष्यही आप्ताचे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे असे म्हणते. बौद्धांच्या मज्झिमनिकायातील अरणविभंगसुत्तात तर एकाच भांड्याची निरनिराळ्या जनपदांतील नावे देऊन असे सांगितले आहे की जेथे जे नाव चालते तेथे ते वापरावे, पण आपलेच नाव खरे असा हट्ट धरू नये.

व्यवहारात याचा अर्थ असा की जर्मन ग्राहकाने एखादे वाक्य आपल्या भाषेत जसे वाचले तसाच त्याचा अर्थ आहे. ‘आमच्या मनात तसे नव्हते’ हे विक्रेत्याचे म्हणणे प्रामाणिक असेल, पण त्या भाषेतील शब्दाच्या अर्थाबद्दल त्याला अधिकारवाणीने बोलता येत नाही. ज्याची भाषा आहे त्याने चूक दाखवली तर ती मान्य करणे ही केवळ ग्राहकसेवेची रीत नाही. ती प्रमाणाला दिलेली मान्यता आहे.

सत्याच्या या चर्चेतून उत्तरदायित्वाकडे जाण्याचा मार्ग आधुनिक कायद्याने आपल्या परीने शोधलेला आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे दोन प्रकरणे एकत्र आली होती. एकात ऑस्ट्रियातील हॉटेल आल्पेनहोफचे संकेतस्थळ पाहून जर्मनीतील ग्राहकाने ईमेलने खोल्या राखून ठेवल्या, सेवा पसंत न पडल्याने तो पैसे न देता निघून गेला, आणि हॉटेलने ऑस्ट्रियात दावा लावल्यावर आपल्यावरचा खटला आपल्याच देशात चालला पाहिजे असे त्याने म्हटले. दुसऱ्यात मालवाहू जहाजावरील प्रवासाचे आंतरजालावरील वर्णन प्रत्यक्षाशी जुळत नसल्याची तक्रार होती. ७ डिसेंबर २०१० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की संकेतस्थळ दुसऱ्या देशात दिसते एवढ्यावरून विक्रेत्याने तेथील ग्राहकाला बोलावले असे होत नाही. परंतु आपल्या देशात सामान्यतः न वापरली जाणारी भाषा किंवा चलन वापरणे आणि त्या भाषेत व्यवहार पक्का करण्याची सोय देणे, आंतरराष्ट्रीय संकेतांकासह दूरध्वनी क्रमांक देणे, परदेशातील ग्राहकांना संकेतस्थळ सापडावे म्हणून शोधयंत्रावर खर्च करणे, या गोष्टी बोलावल्याच्या खुणा ठरू शकतात. तसे ठरले की ग्राहकाला आपल्या घरच्या न्यायालयाचे संरक्षण मिळते.

वाद कोणत्या न्यायालयात चालावा एवढाच मुद्दा तेथे होता, आणि जर्मनी व ऑस्ट्रिया यांची भाषा एकच असल्याने भाषेची खूण त्या हॉटेलच्या बाबतीत निर्णायकही नव्हती. तरी न्यायालयाच्या विचारातील गाभा तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मोलाचा आहे: दुसऱ्याच्या भाषेत बोलणे ही एक कृती आहे, आणि त्या कृतीने बोलणारा ऐकणाऱ्याच्या अंगणात शिरतो. फ्रान्सने ४ ऑगस्ट १९९४ च्या कायद्याने वस्तूचे वर्णन, वापराच्या सूचना आणि हमी फ्रेंचमध्ये देणे बंधनकारक केले तेव्हा समजुतीचे ओझे विकणाऱ्यावर टाकले. दूरस्थ खरेदी १४ दिवसांत कारण न देता रद्द करण्याचा जो हक्क युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशाने ग्राहकाला दिला, त्याची माहिती विक्रेत्याने दिलीच नाही तर ती मुदत आणखी १२ महिन्यांनी वाढते. न सांगणे हाही वाणीचा दोष आहे, हे येथे कायद्याने मानले आहे.

येथून असे म्हणता येते की ज्या भाषेत साद घातली त्या भाषेत उत्तर देण्याची तयारी हा त्या सादेच्या सत्याचाच भाग आहे. जाहिरात जर्मनमध्ये, पैसे स्वीकारण्याचे पान जर्मनमध्ये, आणि चप्पल परत करायची म्हटली की फक्त इंग्रजी, अशी रचना असेल तर प्रत्येक वाक्य सुटे सुटे खरे असूनही संपूर्ण व्यवहार खोटा ठरतो. बोलावण्यापुरती दुसऱ्याची भाषा घ्यायची आणि तक्रार आली की आपल्या भाषेच्या भिंतीआड जायचे, हे युधिष्ठिराच्या त्या उत्तराहून फारसे वेगळे नाही. तेथे शब्द खरा होता आणि समज खोटी घडवली गेली होती.

या भूमिकेवर सर्वांत गंभीर आक्षेप लहान कारागिराच्या बाजूने येतो, आणि तो करुणेचा आक्षेप आहे. प्रत्येक भाषेतील प्रत्येक वाक्याची जबाबदारी घ्यावी म्हटले तर भाषातज्ज्ञ आणि वकील बाळगू शकणाऱ्या मोठ्या कंपन्याच जगाशी बोलतील, आणि चामड्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या, ज्यांना समाजाने त्या कामापायी दूर ठेवले, त्या कुटुंबांना दलालाच्या हाताखालीच राहावे लागेल. यंत्राच्या भाषांतराने पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या नावाने परदेशी ग्राहकापर्यंत पोहोचण्याची वाट मिळाली आहे. ती नैतिकतेच्या नावाने बंद करणे हा नवा अन्याय होईल. आक्षेपातील भीती खरी आहे. परंतु जबाबदारी वाक्यांच्या संख्येबरोबर वाढते, म्हणून त्या भीतीचे उत्तर गप्प बसणे नव्हे, कमी बोलणे हे आहे. चप्पल जनावराच्या कातड्याची आहे, ते कातडे झाडाच्या सालीने कमावले आहे, ती हाताने शिवली आहे, पाण्यात भिजवू नये, माप पावलाच्या लांबीवरून सेंटिमीटरमध्ये घ्यावे: एवढी पाच साधी वाक्ये ती भाषा जाणणाऱ्या कोणा एकाकडून तपासून घेणे फार खर्चाचे नाही. त्यांच्या खाली, बाकीचे वर्णन यंत्राने भाषांतरित केले असून तक्रार कोणत्याही भाषेत कळवता येईल, असे लिहिता येते, आणि आलेली तक्रार उलट दिशेने त्याच यंत्रातून वाचता येते. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार, म्हणजे व्रताला कमीपणा आणणारे दोष, सांगितले आहेत त्यांत खोटी वजनमापे आणि अस्सलच्या नावाने नक्कल विकणे हे दोन येतात. व्यापार करणाऱ्या गृहस्थालाही पाळता यावे म्हणून अणुव्रत, म्हणजे मर्यादित रूपातील व्रत, अशी कल्पना जैनांनी मांडली. संन्याशाचे सत्य त्याच्यावर लादले नाही, पण त्याला सत्यातून मोकळेही केले नाही. परदेशी ग्राहकाशी बोलणाऱ्या कारागिराकडून अपेक्षा करावयाची ती याच मापाची.

एक प्रसंग या सर्व विचाराच्या कडेला उरतो. विक्रेत्याने फक्त मराठीत किंवा इंग्रजीत लिहिले, आणि ग्राहकाने आपल्या संगणकावरील यंत्राने त्याचे जर्मन करून वाचले, तर पोपटाला शिकवणारा बदलतो. वाक्य ज्याने त्या भाषेत बोलावयास लावले तो आता ग्राहक स्वतः आहे, आणि विक्रेत्याने त्याला त्याच्या भाषेत बोलावलेलेही नाही. येथे विक्रेत्याचे उत्तरदायित्व बरेच हलके होते, कारण त्याने आपल्या भाषेत जे लिहिले तेवढेच त्याचे आहे. परंतु ‘व्हेजिटेबल लेदर’ हे त्याचे मूळचे लेखनच ढिले होते, आणि एखाद्या ग्राहकाने, कोणत्याही भाषेत का होईना, आपण त्याचा अर्थ काय घेतला हे त्याला कळवले, तर त्या दिवसापासून तो अजाण राहत नाही. त्यानंतर ते दोन शब्द पानावर तसेच राहिले तर व्यासभाष्याच्या विभागणीत ते वाक्य भ्रांत वाणीतून निघून वंचनेच्या घरात जाते.